रोज चालत जाता येईल अशी बाग : घराजवळची हिरवी जागा कुटुंबाला काय देते आणि कागदावरून कशी निसटते

विकास आराखडा, आरक्षण, हद्दवाढ. कोल्हापुरात सकाळी पेपर उघडला की यांतला एखादा शब्द समोर येतोच. वाचणाऱ्याला वाटतं, हा विषय बिल्डरांचा, नगरसेवकांचा आणि वकिलांचा. आपण कशाला डोकं घालायचं? पण शाळेतून आलेल्या पोराला संध्याकाळी पळायला जागा मिळणार, की पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे प्लास्टिकच्या बॅटनं खेळताना ‘काच फुटेल’ म्हणून ओरडा खायचा, हे याच शब्दांवर ठरतं. म्हणून आधी बागेचं बघू आणि मग कागदाचं.

इथं बाग म्हणजे कुठली, ते आधी सांगायला हवं. रंकाळा, विद्यापीठाचा परिसर, पन्हाळा हे आपलं भाग्य आहे. पण तिथं आपण गाडी काढून जातो, बहुतेक रविवारी, आणि येताना भेळ खाऊन येतो. मला बोलायचंय ते घरापासून पाच मिनिटांवरच्या, वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्याबद्दल: चार सावलीची झाडं, एक घसरगुंडी, झोके, बसायला बाक, फिरायला एक वाट. महापालिकेची छोटी बाग असेल, नाहीतर कॉलनीची ‘ओपन स्पेस’. कुटुंबाच्या तब्येतीच्या दृष्टीनं हा तुकडा लांबच्या मोठ्या बागेपेक्षा जास्त मोलाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तीनशे मीटरचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं शहरांसाठी एक साधं माप सुचवलं आहे. प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी. अर्धा हेक्टर म्हणजे आपल्या भाषेत साधारण ५० गुंठे, आणि ३०० मीटर म्हणजे पाच मिनिटांची चाल. डेन्मार्कमधल्या पाहण्यांत असं दिसलं की अंतर याच्या पलीकडे गेलं की लोकांचं बागेत जाणं झपाट्यानं कमी होतं.

कारण कुठल्याही घरात दिसेल. मूल साडेपाचला शाळेतून येतं. दूध, डबा धुणं, थोडा गृहपाठ. सात वाजता आईला कणीक भिजवायची असते. मधे उरतो एक तास. फुलेवाडीहून किंवा राजेंद्रनगरहून गाडी काढून शहरातल्या मोठ्या बागेत जायचं, पार्किंग शोधायचं आणि परत यायचं, तर तो तास रस्त्यावरच संपतो. बाग कोपऱ्यावर असेल तर चाळीस मिनिटं खेळून मूल सव्वासातला हातपाय धुवून पाटावर बसतं. आठवड्यातून एकदा दोन तास खेळणं चांगलंच आहे, पण शरीर घडतं ते रोजच्या खेळानं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं धाप लागेल असा खेळ किंवा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. शाळेतला पीटीचा तास आठवड्यातून मोजक्या वेळा येतो. उरलेली मिनिटं घराजवळच भरून काढावी लागतात.

देशाच्या पातळीवरही माप आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक सूचनांत बागा आणि मैदानं धरून माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती. माणशी १० चौरस मीटर धरले तर ५५ लाख चौरस मीटर, म्हणजे साडेपाच चौरस किलोमीटर. शहराचं क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे बारा गुंठ्यांतला एक गुंठा बागा-मैदानांसाठी राखायचा. ही काही अवाजवी मागणी नाही.

चष्म्याच्या नंबराचा आणि बागेचा काय संबंध?

हल्ली पहिली-दुसरीतच मुलांना चष्मा लागतो, ही तक्रार घरोघरी आहे. लांबचं अंधुक दिसण्याच्या दोषाला मायोपिया म्हणतात. घरात आपण ‘मायनस नंबर’ म्हणतो. यात डोळ्याचा गोळा पुढून मागे गरजेपेक्षा जास्त लांबतो आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर पडायच्या ऐवजी थोडी अलीकडेच पडते. मूल वाढतं तसा गोळाही वाढतो. ती वाढ वेळेवर थांबली पाहिजे. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते या लांबण्याला लगाम घालतं, हे स्पष्टीकरण संशोधकांत सर्वांत जास्त मानलं जातं.

आता उजेडाचा फरक बघा. उजेड लक्समध्ये मोजतात. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तो ३०० ते ५०० लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स भरतो आणि उघड्या उन्हात लाखाच्या घरात जातो. आपली नजर लगेच जुळवून घेते, म्हणून हा फरक जाणवत नाही. कोल्हापुरात चार महिने पाऊस, मग बागेचा काय उपयोग, असं विचारणाऱ्यांसाठीही उत्तर यातच आहे. आषाढातल्या ढगाळ संध्याकाळी, सरी थांबल्यावर अर्धा तास बाहेर गेलेल्या मुलाच्या डोळ्याला घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळतो. फक्त बागेत चिखल साचू नये, वाट घसरडी नसावी, एवढं बघायला हवं.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात याची थेट परीक्षा झाली. बारा शाळांपैकी सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची मैदानावर नेली. बाकी सहा शाळा होत्या तशाच चालल्या. कुठल्या शाळा कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे श्रीमंत शाळा एकीकडे असं होऊ नये. तीन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता आणि मैदानावरच्या मुलांत ३०.४ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तैवाननं २०१० पासून शाळांमार्फत रोज दोन तास मोकळ्या आकाशाखाली घालवण्याची मोहीमच चालवली आणि कित्येक वर्षं चढत गेलेलं कमी नजरेच्या मुलांचं प्रमाण त्यानंतर उतरू लागलं.

एकदा लागलेला नंबर बाग घालवत नाही, हेही लक्षात ठेवावं. फायदा आहे तो नंबर लागण्याचं वय पुढे ढकलण्यात. जितका लवकर लागतो तितका तो मोठेपणी जास्त वाढतो, आणि फार मोठ्या मायनस नंबराबरोबर पडदा सुटण्यासारखे धोके येतात. म्हणून हा हिशोब तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या घरांनी मनावर घ्यावा.

माती, चित्त आणि चार मुलांचा घोळका

फिनलंडमध्ये काही बालवाड्यांच्या अंगणात जंगलातली माती, झुडपं आणि हिरवळीचे थर आणून पसरले. तीन ते पाच वर्षांची मुलं त्यात २८ दिवस खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या निरुपद्रवी जंतूंचे प्रकार वाढले आणि रक्तात प्रतिकारशक्तीच्या समतोलाशी जोडलेले घटक सुधारले. मुलांची संख्या ७५ होती, त्यामुळे यावरून मोठे दावे करू नयेत. पण ‘मातीत खेळू दे, काही होत नाही’ म्हणणारी आजी चुकीची नव्हती, एवढं नक्की. गुळगुळीत पेव्हर ब्लॉक आणि रबरी गाद्यांनी संपूर्ण बाग मढवण्याच्या हौसेला म्हणूनच माझा विरोध आहे. एक कोपरा मातीचा हवाच.

अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात, चित्त एका जागी न टिकणाऱ्या ७ ते १२ वर्षांच्या १७ मुलांना वीस मिनिटं फिरवून आणलं: एकदा बागेतून, एकदा बाजारपेठेतून, एकदा वस्तीतून. बागेतून आल्यावर त्यांचं लक्ष सर्वांत चांगलं टिकलं. रस्त्यावर गाडी, हॉर्न, खड्डा याकडे सतत ध्यान द्यावं लागतं. झाडाखाली त्या ताणाला सुट्टी मिळते.

आणि बागेत वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र येतात. शाळेत मूल आपल्याच इयत्तेच्या मुलांत असतं, क्लासलाही तेच. झोक्यासाठी थांबणं, लहानग्याला आधी देणं, मोठ्याशी भांडून पुन्हा जुळवून घेणं, हे पेठेतल्या वाड्यांच्या चौकात आपोआप व्हायचं. वाडे गेले, फ्लॅट आले. आता ते शिकायला बागच उरली आहे.

आई, आजी आणि दहा वर्षांपुढची मुलगी

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या शहरात तो सर्वांत दुर्लक्षित आहे.

कोल्हापूरच्या पुरुषाला बसायला जागेची कमी नाही. तालीम आहे, मंडळ आहे, चौकातला कट्टा आहे, रात्री दूध प्यायला गंगावेशीत जाता येतं. पोरांना फुटबॉलसाठी पेठेचा आधार आहे. कुस्तीसाठी राजर्षी शाहू महाराजांनी शहराच्या ऐन मध्यात खासबाग मैदान उभारलं. ही परंपरा अभिमानाची आहे. पण घरातल्या बाईला, काही विकत न घेता, कुणाचं बोलावणं नसताना, अर्धा तास नुसतं बसायचं असेल तर ती कुठं जाईल? देवळात, नाहीतर शेजारणीच्या दारात. बागेतला बाक हा तिचा कट्टा आहे. तिथं पोराचा ताप, शाळेची फी, सासूचं गुडघेदुखीचं औषध यावर बोलणं होतं आणि नव्यानं राहायला आलेल्या सुनेची पहिली ओळखही तिथंच होते.

मोठ्या माणसांनी आठवड्यात किमान १५० मिनिटं भरभर चालावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या आजी-आजोबांना रिंगरोडच्या कडेनं, गाड्यांच्या धुरात आणि भटक्या कुत्र्यांच्या भीतीत ती कशी पुरी करता येणार? त्यांना हवी असते सपाट वाट, दर थोड्या अंतरावर टेकायला बाक आणि उघडं, स्वच्छ स्वच्छतागृह. शेवटची सोय नसेल तर वयस्कर बाई बागेत यायचं थांबवते आणि कारण कुणालाच सांगत नाही.

मुलींचं काय होतं ते व्हिएन्ना शहरानं नव्वदच्या दशकात नीट पाहिलं. साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेतून दिसेनाशा होत होत्या. मुलगे राहात होते. मधलं सगळं मैदान मुलांच्या फुटबॉलनं व्यापलं की मुली मागे सरत. तिथल्या महापालिकेनं काही बागांची मांडणी बदलली: एका मोठ्या मैदानाचे भाग केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, घोळक्यानं बसायच्या जागा केल्या, वाटा मोकळ्या आणि उजेडाच्या केल्या. मुली परत आल्या. आपल्याकडे ओपन जिमचं लोखंडी साहित्य बसवलं की बाग झाली असं मानलं जातं. सातवीतली मुलगी तिथं संध्याकाळी सातला निर्धास्त बॅडमिंटन खेळू शकते का, ही खरी कसोटी लावायला हवी.

‘सुखवस्तू लोकच बागेत जातात, मग गुण बागेचा कसा?’

आक्षेप रास्त आहे. चांगल्या वस्तीत बागाही चांगल्या असतात आणि लोकांची तब्येतही. एकामुळे दुसरं झालं असं त्यावरून म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये जवळपास २० हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं सांगत होते. पण तिथंही ही शंका उरते.

म्हणून फिलाडेल्फियाचा प्रयोग मोलाचा आहे. या अमेरिकी शहरात कचऱ्यानं भरलेले ५४१ पडीक प्लॉट निवडले. चिठ्ठ्यांच्या पद्धतीनं त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटात कचरा काढून जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि दर महिन्याला निगा राखली. दुसऱ्या गटात फक्त कचरा काढला. तिसरा होता तसाच ठेवला. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: हिरव्या केलेल्या प्लॉटच्या आसपास राहणाऱ्यांत उदास वाटण्याचं प्रमाण, काहीच न केलेल्या गटाच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी कमी झालं. गरीब वस्त्यांत ही घट आणखी मोठी होती. नुसता कचरा उचललेल्या ठिकाणी मात्र ठळक फरक पडला नाही. लोक श्रीमंत झाले नव्हते, घरं बदलली नव्हती. फक्त कोपऱ्यावरचा उकिरडा हिरवा झाला होता.

‘बागेत टवाळखोर बसतात, आम्ही पोरं पाठवत नाही’

ही भीती खरी आहे आणि कुठल्याही आईला ती बाजूला ठेवायला सांगू नये. पण कारण बघा. अंधार, उंच भिंत, वाढलेलं रान आणि बंद फाटक असेल तर जागा आडोशाला बसणाऱ्यांची होते. फिलाडेल्फियातल्या त्याच प्रयोगात गरीब वस्त्यांतले एकूण गुन्हे १३ टक्क्यांनी आणि गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी घटल्या. आपल्याकडे त्याचा अर्थ साधा आहे: भिंतीऐवजी आरपार दिसणारी जाळी, रात्री नऊपर्यंत दिवे, ठरलेली वेळ, आणि निगा राखणारा एक पगारी माणूस. उद्घाटनावर खर्च होतो आणि माळ्यावर होत नाही, हे आपल्या बहुतेक बागांचं दुखणं आहे. डासांचंही तसंच: झाडांपेक्षा साचलेल्या पाण्याची डबकी आणि फेकलेले टायर त्यांना पोसतात.

आरक्षण म्हणजे नेमकं काय?

आता कागदाकडे. विकास आराखडा म्हणजे पुढच्या साधारण वीस वर्षांत शहरात कुठं घरं, कुठं रस्ते, कुठं शाळा, कुठं बाग, याचा कायदेशीर नकाशा. महाराष्ट्रात तो १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार होतो. त्यात एखाद्या खासगी जमिनीवर ‘बाग’ असा शिक्का पडला की त्याला आरक्षण म्हणतात. जमीन मालकाचीच राहते, पण तिथं दुसरं काही बांधता येत नाही. महापालिकेनं ती पैसे देऊन, किंवा मालकाला दुसरीकडे वापरता येतील असे बांधकामाचे हक्क देऊन ताब्यात घ्यायची असते.

सणाच्या गर्दीत आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, आरक्षण अगदी तसं आहे. रुमाल टाकला म्हणजे जागा मिळाली असं नाही. वेळेत आत जाऊन बसावं लागतं. कायद्याच्या कलम १२७ मध्ये ही वेळ लिहिलेली आहे. आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा ती घेण्याची कारवाई सुरू केली नाही, तर आरक्षण रद्द होतं. यात मालकाला दोष देता येणार नाही. त्याचीही जमीन दहा वर्षं अडकलेली असते. पण ज्या मुलांसाठी बाग धरली होती, त्यांच्या आईवडिलांना नोटीस आल्याचं बहुतेक वेळा कळतच नाही. कळतं ते खोदाई सुरू झाल्यावर.

‘बागेपेक्षा तिथं दवाखाना झाला तर वाईट काय?’

हा प्रश्न बंगळुरूत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी दवाखान्याला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते वाटप रद्दच ठरवलं. बागेची जागा रहिवाशांच्या हिताची आहे, ती मर्जीनुसार खासगी संस्थेला देता येत नाही आणि दाद मागण्याचा हक्क तिथल्या साध्या रहिवाशालाही आहे, हे त्या निकालाचं सार. दवाखाना तीन रस्ते पलीकडे बांधता येतो. मोकळी जागा एकदा बांधली गेली की वस्तीत दुसरी तयार करता येत नाही.

पंचगंगेचा विचार

मोकळ्या जागा राखायला आपल्या शहराला आणखी एक कारण आहे. २००५, २०१९, २०२१: पंचगंगेनं तिन्ही वेळा घरात शिरून दाखवलं. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत घरं बांधायला मनाई आहे. शेती, बागा, मैदानं चालतात. बागेत पाणी चार दिवस थांबलं तर गाळ काढून पुन्हा खेळ सुरू होतो. घरात थांबलं तर संसार वाहून जातो. नदीकडच्या बाजूच्या वस्त्यांसाठी हा पट्टा भराव टाकून संपवायचा, की बाग-मैदान म्हणून राखायचा, हा निर्णय दरवर्षी थोडा थोडा होत असतो.

तुमच्या कॉलनीत काय तपासायचं?

उपनगरांत नवी प्लॉटिंग होताना ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के जागा मोकळी ठेवण्याचा नियम आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही तो आहे. हीच ती ओपन स्पेस. ती प्लॉट घेणाऱ्या सर्वांसाठी असते. घराच्या कागदपत्रांत मंजूर ले-आउटचा नकाशा असतो. नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागात मिळतो. त्यावरची जागा आणि प्रत्यक्षातली जागा मोजून जुळवा. तिथं शेड, हॉल किंवा कुणाची गाडी कायमची उभी असेल तर तक्रार लेखी द्या आणि पोचपावती घ्या.

आराखड्यातल्या आरक्षणांसाठी माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा: आमच्या प्रभागात बाग आणि मैदान म्हणून कोणत्या जागा आरक्षित आहेत, त्यांतल्या किती ताब्यात आल्या आहेत, आणि कलम १२७ ची नोटीस कोणत्या जागांवर, कोणत्या तारखेला आली आहे. तिसरा प्रश्न विसरू नका, कारण २४ महिन्यांची मुदत त्या तारखेपासून सुरू होते. आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या एकट्यानं देण्यापेक्षा कॉलनीतल्या बायकांनी, शाळेच्या पालकांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघानं स्वतंत्र अर्ज द्यावेत. त्यात ‘बाग हवी’ एवढंच न लिहिता गट क्रमांक, जवळची दुसरी बाग किती मीटरवर आहे आणि त्या वाटेत कोणता मोठा रस्ता ओलांडावा लागतो, हे लिहावं.